जितकी किंमत, तितकी धूळ

मराठी वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी कायम राखून ठेवलेली असते. उपजिल्हा रुग्णालयातलं यंत्र धूळ खात पडून. नगरपालिकेची घंटागाडी धूळ खात पडून. शाळेतले संगणक, व्यायामशाळेचं साहित्य, पंचायत समितीचा बायोगॅस, सगळे आपापल्या पाळीने धूळ खातात. सोबत छायाचित्र असतं. त्यात यंत्राशेजारी कोणीतरी बोट दाखवत उभा असतो, बहुधा माजी सदस्य. यंत्र बदलतं, गाव बदलतं, बोट तेच.

या बातमीतला राग मला कळतो, निदान मात्र पटत नाही. वार्ताहराचं म्हणणं असं की दुर्लक्ष झालं म्हणून धूळ बसली. मराठी घर ज्याने आतून पाहिलंय त्याला ठाऊक असतं की धूळ हा आपल्याकडे मान आहे आणि तो सोम्यागोम्याला मिळत नाही. चहाच्या गाळणीवर धूळ बसलेली कोणी पाहिली आहे? तिला धूळ खायला वेळच कुठे आहे! दिवसातून चार वेळा उकळतं पाणी अंगावर घ्यायचं, सिंकच्या कडेवर आपटून घ्यायचं, की पुन्हा कामावर हजर.

तीच गत कालथ्याची, सांडशीची आणि एक कान तुटलेल्या कढईची. ही मंडळी पहाटेच्या चहापासून रात्री दुधाला विरजण लावेपर्यंत राबतात. कढईचा कान कधी गेला ते आता कोणाला आठवत नाही, पण म्हणून तिची रजा मंजूर झाली नाही. बाहेर हॉलमध्ये, शोकेसच्या सरकत्या काचेमागे, बोन चायनाचा डिनर सेट बसलेला असतो. त्याच्या काठाला सोनेरी रेघ आहे. त्याला काम नाही. त्याला गरम वाढायचं नाही (तडकेल), आंबट वाढायचं नाही (रेघ जाईल), आणि कामवाल्या मावशींच्या हाती तर अजिबात द्यायचा नाही. आमच्या माहितीतल्या एका घरात तो फक्त पहिल्या दिवाळसणाला निघाला. जावई त्यात बासुंदी जेवले. दुसऱ्या वर्षी जावयांपुढे रोजचं स्टीलचं ताट आलं. जावई सुज्ञ होते. आपण आता घरचे झालो हे त्यांनी ओळखलं आणि स्वतः उठून पाणी घेतलं.

लेमन सेटची कुंडली आणखी निराळी. एक जग, सहा ग्लास, त्यावर पिवळी लिंबं आणि हिरवी पानं छापलेली. ऐंशी-नव्वदच्या दशकात लग्नाला, मुंजीला, वास्तुशांतीला लेमन सेट आला नाही असं घर सापडणं कठीण, आणि त्यातून लिंबाचं सरबत प्यायलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. कारण लेमन सेट वापरायचा नसतोच, पुढे द्यायचा असतो. आलेला सेट उघडायचा नाही. वरचा चमकी कागद चिकटपट्टीला नख लावून अलगद सोडवायचा, घडी करून गादीखाली सरळ व्हायला ठेवायचा, खोकं कपाटावर चढवायचं आणि पुढचं लग्न निघालं की सेट आणि कागद यांची पुन्हा गाठ घालून द्यायची. यात एकच पथ्य असतं : ज्याने दिला त्याला परत जाता कामा नये. त्यासाठी आमची आत्या खोक्याच्या तळाला पेन्सिलने देणाऱ्याचं नाव लिहून ठेवायची. तिच्या नातवाच्या मुंजीत जो लेमन सेट आला त्याच्या तळाला नावांची चळतच होती आणि सगळ्यात वरचं अक्षर आत्याचंच होतं. आत्या काही बोलली नाही. खाली नवं नाव लिहिलं आणि सेट ठेवून घेतला. पुढच्या महिन्यात नात्यात एक साखरपुडा होता.

हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात. लोक त्याला साधेपणा म्हणतात. माळा भरला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माळ्याचं खरं दर्शन वर्षातून एकदा होतं. घट बसायच्या आधी घराचा दसरा काढतात तेव्हा. गोधड्या, सतरंज्या, पडदे धुऊन निघतात, पितळ्या चिंचेने लख्ख होतात आणि घरातला उंच माणूस म्हणून मला स्टुलावर चढवून माळ्यात सोडतात. आत शिरल्यावर हात पहिल्यांदा थर्माकोलला लागतो. टीव्हीबरोबर आलेला थर्माकोल. तो टीव्ही भंगारात गेला, त्यानंतरचाही गेला, पण थर्माकोल आहे, कारण कधी दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर कशात घालून देणार? त्याच्या मागे गणपतीचं मखर. खांब, कमान, वर मोर. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, त्या दिवसापासून हा मोर भूमिगत आहे. लावायची सोय नाही, टाकायची हिंमत नाही.

मखराच्या आड पंपाचा स्टोव्ह आणि दोऱ्याने त्याला बांधून ठेवलेली पिन. बाजूला तांब्याचा बंब. मग व्हिडिओ कॅसेटींचा डबा. त्यात आमच्या धाकट्या मामाच्या लग्नाची कॅसेट आहे आणि त्या वरातीत मामा घोड्यापुढे नागीण होऊन जमिनीवर लोळला असं जाणकार सांगतात. पुरावा आमच्या माळ्यावर सुरक्षित आहे. ती कॅसेट लावायचं यंत्र मात्र आता कोणाकडेच उरलेलं नाही. मामा गेली काही वर्षं भाच्यांना शिस्तीवर व्याख्यानं देतात, ती याच जोरावर.

“आई, हा स्टोव्ह काढू या का? रॉकेल मिळतं तरी का आता?”

“ठेवलाय तर तुझं काय खातोय? गॅस संपला अडीअडचणीला तर?”

“आपल्याकडे पाइपचा गॅस आहे.”

“पाइप फुटत नाहीत वाटतं?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. कारण पाइप फुटतात. जुन्या वस्तूंच्या बाजूने बोलणारी माणसं नेहमी आपत्तीला साक्षीला बोलावतात आणि आपत्ती कोणाच्याही बाजूने साक्ष देते. स्टोव्ह पुसला जातो, पिन तपासली जाते आणि दोघं पुन्हा वर जातात.

एवढं असूनही आमच्या घरात धूळ खाण्याचा पहिला मान माळ्याला नाही. तो ट्रेडमिलला आहे. किंमत पाहता तो रास्तही आहे. बाबांना डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट करायला सांगितली. रॉबर्ट ब्रूस नावाच्या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने बसवून दिलेली ही चाचणी. दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढत जातो आणि माणसाला आपल्या बऱ्यावाईट कर्मांची आठवण होते. बाबांचा रिपोर्ट उत्तम आला. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. समोर रस्ता होता, कोपऱ्यावर बाग होती, बाबांना दोन्ही ठाऊक होत्या. पण कुटुंबाची सभा भरली आणि बाबांनी चालण्याऐवजी त्यांच्या पायाखालची जमीन चालवावी असं ठरलं. हप्त्यांवर.

हे यंत्र घेण्याआधी त्याचा इतिहास वाचायला हवा होता असं बाबा आता म्हणतात. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने ते तुरुंगासाठी पुढे आणलं. एक मोठं फिरतं चक्र, त्याला पायऱ्या, कैद्यांनी रांगेत उभं राहून तासन् तास चढत राहायचं. चढायचं खूप, पोचायचं कुठेच नाही. काही ठिकाणी त्या चक्राला पीठ दळायची जाती जोडलेली असत, म्हणून नावात ‘मिल’, म्हणजे गिरणी. कित्येक ठिकाणी काहीच जोडलेलं नसे, कैदी नुसती हवा दळत. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये सक्तमजुरीची शिक्षा झाली तेव्हा त्यालाही या चक्रावर चढवलं होतं. अखेर १८९८ च्या कायद्याने इंग्लंडने हा प्रकार मोडीत काढला, कारण तो क्रूर असल्याचं सरकारच्या ध्यानात आलं. इंग्रजांनी जे कैद्यांना सोसवत नाही म्हणून बंद केलं, ते आम्ही जीएसटी भरून घरी आणलं.

बाबा त्यावर चढले, नाही असं नाही. पांढरे बूट घातले, कपाळाला घामपट्टी लावली, आईने यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. काही दिवस घरात एक लयबद्ध धपधप ऐकू यायची, मग खालच्या मजल्यावरच्या काकांकडून वर एक लयबद्ध धपधप येऊ लागली, छताला झाडूच्या दांड्याने ठोकल्याची. बाबांनी शेजारधर्म पाळला. त्यांनी तो इतक्या तत्परतेने पाळला की काकांनाच थोडं अपराधी वाटलं.

मग ट्रेडमिलच्या दांड्यावर एक टॉवेल आला. घाम पुसायचाच टॉवेल होता तो, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. टॉवेलशेजारी मुलीचा शाळेचा गणवेश आला, पावसाळा होता. जुलैत कपडे वाळत नाहीत आणि ट्रेडमिल नेमकी पंख्याखाली. ऑगस्टपर्यंत तिच्यावर जागेची वाटणी झाली होती : दोन्ही हातांच्या दांड्यांवर पँटी आणि पंजाबी ड्रेस, समोरच्या पडद्यावर मोजे, पाणी ठेवायच्या खळग्यात चिमटे, आणि चालायच्या पट्ट्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं बोचकं. नाडीचे ठोके मोजायला दोन चकचकीत मुठी असतात, त्यांवर बाबांच्या बनियनच्या बाह्या इतक्या घट्ट बसल्या की जणू त्या मापाने घडवल्या होत्या. इस्त्रीवाला दारात आला की बायको म्हणते, “ट्रेडमिलवर आहेत बघा,” आणि तोही सरळ आत येऊन उचलतो. त्याला हे यंत्र कशासाठी असतं ते ठाऊक नाही. त्याच्या मते ते उत्तम आहे.

ज्या भागांवर कपडे पोचत नाहीत, म्हणजे मोटरचं झाकण आणि मागचे रूळ, तिथे धूळ. ती मी जवळून पाहिली आहे. तिचा रंग राखाडी म्हणावा तर त्यात लाल सतरंजीचा धागा निघतो, उदबत्तीची राख निघते, रस्त्यावरची माती आणि आमचीच झडलेली कातडी. शेवटच्या घटकापुरतं पाहिलं तर बाबा अजूनही थोडेथोडे ट्रेडमिलवर आहेत.

धुळीला लोक उगाच नावं ठेवतात. सहारा वाळवंटातली धूळ वाऱ्यावर स्वार होऊन अटलांटिक ओलांडते आणि दर वर्षी सुमारे २ कोटी ७७ लाख टन धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरते. तिच्यातून तिथल्या जंगलाला जवळजवळ २२ हजार टन फॉस्फरस मिळतो. पावसाने जेवढा वाहून जातो जवळपास तेवढाच. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं तेव्हा ती ओलं फडकं पिळत होती.

“मग ही ट्रेडमिल पण ॲमेझॉनलाच पाठवा ना. परत घेतात ना ते?”

मी मग कलेकडे वळलो. मार्सेल द्युशां या फ्रेंच कलावंताने न्यूयॉर्कमध्ये एक मोठी काच मुद्दाम आडवी ठेवून तिच्यावर महिनोन् महिने धूळ साठू दिली. १९२० मध्ये मॅन रे या छायाचित्रकाराने त्या धुळीचा फोटो काढला आणि तो जगभर गाजला. पुढे द्युशांने बरीचशी धूळ पुसली, पण काही भागातली वार्निश लावून कायमची पक्की केली. याही माहितीचा फडक्यावर परिणाम झाला नाही. द्युशांच्या घरी दसरा काढत नसावेत.

खंडेनवमीला मात्र ट्रेडमिलचा रुबाब पाहावा. त्या दिवशी राबणाऱ्या हत्यारांची पूजा करायची असते. विळी, अडकित्ता, बाबांचा पाना, माझा लॅपटॉप पाटावर ओळीने बसतात. ट्रेडमिल पाटावर मावत नाही म्हणून पाटच तिच्याजवळ नेतात. कपडे उतरवतात, पुसतात, झेंडूचा हार घालतात, बाबा नमस्कार करतात आणि बटण दाबून पाहतात. पट्टा सर्रकन पुढे जातो. “चालू आहे,” बाबा म्हणतात. सगळ्यांना बरं वाटतं. गाळणीला कोणी फूल वाहिलं नाही, ती तेव्हा चहात होती.

त्याच दिवशी एक हार खाली पार्किंगमधल्या स्कूटरलाही जातो. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे असा तिचा एके काळी तोरा. बाबांनी नोंदणी केली तेव्हा ते अविवाहित होते आणि स्कूटर आली तेव्हा पुढे उभं राहायला मी होतो. आता तिच्या सीटवर मांजर बाळंत होते, डिकीत पावत्या आहेत आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘वापरात नसलेली वाहने हटवणे’ हा विषय दर वर्षी येतो. बाबा उभे राहतात आणि स्कूटर वापरात असल्याचं सांगतात. मग जिना उतरून, ती डावीकडे तिरकी करून, किक मारतात. तिरकं केल्याशिवाय पेट्रोल पोचत नाही यावर एका पिढीची श्रद्धा होती. पेट्रोल टाकीत नसलं तरी ती अबाधित आहे. ज्या महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून तिला नाव मिळालं त्याने जखमी असतानाही ओढा ओलांडला म्हणतात. हिला गेटपर्यंत ढकलायला वॉचमन लागतो.

सरकारी धुळीचं गणितही यापेक्षा वेगळं नाही, फक्त तिथे आई नसते. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांचं एक रान असतं. रिक्षाच्या टपावर पिंपळ, ट्रकच्या चाकात वेल, जीपमध्ये कुत्र्याची पिल्लं, आणि या सगळ्याचा हिशेब राखणारा मुद्देमाल कारकून. जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितलं आहे. पिंपळाला निकालाची प्रत मिळालेली दिसत नाही.

आणि अहवाल! प्रादेशिक अनुशेष मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिने दुसऱ्याच वर्षी अहवाल दिला. २०११ मध्ये त्याच दुखण्यासाठी विजय केळकरांची समिती आली, तिने २०१३ मध्ये दिला. दोन्ही जाडजूड, दोन्ही अभ्यासू. आता अनुशेषावरच्या अहवालांचाच अनुशेष तयार झाला आहे आणि तो मोजायला तिसरी समिती लागेल. इथेही तोच न्याय. एका पानाचं परिपत्रक दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर पळत असतं, जाड अहवाल कपाटात स्वस्थ.

दुसऱ्याच्या अडगळीवर जीव टाकणारा एक केळकर आपल्याकडे याआधी होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२० च्या सुमारास लोकांच्या वाड्यांत, माळ्यांवर, कोठीघरांत डोकावू लागला. अडकित्ते, समया, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. ज्यांना घरच्यांनी कोपऱ्यात लोटलं होतं त्या वस्तू त्याने मागून, विकत घेऊन, हुज्जत घालून गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तिथला तो नक्षीदार अडकित्ता पाहताना बायका हमखास एकमेकींना कोपर मारतात, “अगं, अस्सा आमच्याकडे होता, बोहारणीला दिला.” संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे अडीच हजार. बाकीच्या जागेअभावी आत ठेवलेल्या आहेत. हे आईला कळल्यापासून तिने आमच्या माळ्याबद्दल एक शब्द ऐकून घेतलेला नाही.

तरी ट्रेडमिल शेवटी गेली. भंगारवाल्याने तिला हात लावला नाही. गोदामात आधीच काही पडून आहेत म्हणाला, घेता का एखादी, स्वस्तात देतो. घेतली ती खालच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि आपल्याच छताखाली, आता आवाज करायला वर कोणी नाही, असा त्यांचा हिशेब होता. चौघांनी मिळून ती जिन्यावरून उतरवली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. आमच्या हॉलचा तो कोपरा एकदम मोकळा झाला आणि त्या रात्री ओले कपडे घेऊन सगळे जण घरभर हिंडत होते.

गणपती झाल्यावर बायको काकूंकडे तीर्थप्रसादाचा डबा परत द्यायला गेली, ती बराच वेळ आली नाही. मी खाली डोकावलो. काकूंनी ट्रेडमिलवर दुलई वाळत घातली होती आणि ती एका बाजूने जमिनीला टेकत होती. बायको पदर खोचून शिकवत होती, “अशी नाही काकू. आधी तो पुढचा भाग थोडा चढाला लावा, बटण आहे बघा. हां. आता जड कपडे मागे आणि रुमाल-मोजे पुढे स्क्रीनवर. आणि काकांना सांगा, चालू नका करू म्हणावं, चिमटे पडतात.”